गाळामालकाच्या मापाचा दांडा

जवळ सरक गो जरा. एक डोळा मोबाईलवर नि एक माझ्या लिहिण्यावर, असं चालायचं नाही. दोन दिवाळ्या गेल्या, तुझं पाऊल मुरबाडात पडलं नाही. ठाण्याहून मुरबाड म्हणजे काय परदेश लागून गेलाय? फोन करतेस तोही माझ्या भाकऱ्या थापायच्या वेळेला, आणि मग सगळ्यांना सांगतेस मावशी तोडून बोलते. परवा तुझ्या लेकाने मोबाईलवर ते पाण्यावर उभं राहून पळवायचं यंत्र बघितलं, तेव्हा तू फोनवर विचारलंस, "मावशी, तुझ्या त्या गाळामालकाने असलंच काहीतरी बनवलं होतं ना? भारी माणूस होता." मी तव्यावर होते, म्हणून गप्प बसले. आता निवांत आहे, तर लिहून टाकते. बनवलं होतं. कसं बनवलं ते वाच, म्हणजे त्याला पुन्हा भारी म्हणणार नाहीस.

एसटी स्टँडच्या मागे माझी खानावळ आहे ती त्याच्याच गाळ्यात. शेजारचा गाळाही त्याचा, तिथे त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेड असली कामं. पण त्याला फॅब्रिकेटर म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायचा. बोर्डावर मोठ्या अक्षरांत "डिझायनर" रंगवून घेतलं होतं. एकदा दोन बायका ते वाचून ब्लाउजपीस घेऊन आल्या. त्यांच्याशी न बोलता त्याने त्यांना माझ्याकडे पाठवलं, "वयनी, यांना समजवा." यांना काय समजवायचं? बोर्ड कोणी लावला?

दिसायला विजेच्या खांबासारखा. उंच, वाळका, वर कपाळावर वेल्डिंगचा काळा चष्मा. तो चष्मा लग्नातही कपाळावर आणि कोणाच्या दहाव्यालाही कपाळावर. पट्ट्याला मोजायची टेप अडकवलेली असायची, पण ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. माप घ्यायचं म्हणजे तो एक डोळा मिटायचा, मान वाकडी करायचा, नि हाताची वीत हवेत दोनचारदा फिरवायचा. कोणी टेप लावा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "टेप नजर नसलेल्याला लागते." मग टेप अडकवली कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

आता त्याच्या नजरेचे प्रताप ऐक. माझा खानावळीतला ओटा त्याने बनवला. लोखंडी सांगाडा, वर कडप्पा. काम मजबूत, नाकारणार नाही. पण मी पुढे उभी राहिले तर कडप्पा माझ्या बरगड्यांना टेकला. वर शेगडी ठेवली की पातेल्यात काय शिजतंय ते मला वासावरून ओळखायची पाळी. मी त्याला बोलावलं.

"मालक, हा ओटा कोणाच्या मापाचा?"

तो ओट्याशी गेला, दोन्ही कोपरं आरामात टेकली, बाहेरच्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. "बरोबर हाय की."

"तुमाला बरोबर हाय. भाकऱ्या तुमी थापणार का?"

"वयनी, ओटा एकदाच बनतो. पायाखाली पाट घ्या."

तेव्हापासून मी पाटावर उभी राहून रांधते. पाहुणे विचारतात, मावशी उंचावर का? मी शेजारच्या गाळ्याकडे हात करते.

वैशाखऱ्याच्या रस्त्याला एका मुंबईवाल्याचं फार्महाऊस आहे. त्याचं गेट यानेच केलं. नक्षी बघत लोक गाड्या थांबवायचे इतकं देखणं. फक्त ते उघडायचं नाही. आत चढ होता, गेट अर्ध्यात जाऊन जमिनीला घासायचं. मुंबईवाला कुरकुरला तर हा म्हणाला, "गेट बरोबर हाय, जमीन चुकलीय." आणि त्या भल्या माणसाने खरंच जेसीबी आणून चढ खणून घेतला. मला राग आहे तो त्या जेसीबीचा. त्या दिवशी जमीन जागची हलली नसती, तर हा माणूस थोडातरी हलला असता. त्यानंतर जो आला त्याला ही जेसीबीची गोष्ट ऐकावी लागायची. मी ती इतक्यांदा ऐकलीय की आमटी ढवळताना माझ्या तोंडून आपोआप पुढचं वाक्य यायचं.

बायको बदलापूरला मुलाकडे जाऊन राहिली होती. मुलाच्या फ्लॅटमध्ये सगळं साध्या माणसांच्या उंचीचं आहे, असं ती मला फोनवर म्हणाली, आणि फोन ठेवला. हा इथे एकटा. दोन्ही वेळ माझ्याकडे जेवायचा. नाचणीची भाकरी, सुकट, वरून कांदा. जेवताना मात्र एक शब्द नाही, आणि ताट असं पुसून ठेवायचा की विसळायला लाज वाटावी. हा एकच गुण लिहिते, बाकीचे तू शोध.

आणि मग ती पोर आली.

शहापूरकडची, तानशाच्या बाजूच्या गावातली. बाप भातशेतीवाला. आपल्याकडचं पाणी तुला माहीत आहे. तानसा, भातसा, बारवी, चहूकडे पाणीच पाणी, पण सगळं मुंबई-ठाण्याच्या नळांचं. त्यात पाय बुडवला तरी पहारेकऱ्याची शिट्टी वाजते. असल्या पाण्याकडे बघत ही पोर मोठी झाली, नदीत पोहायला शिकली, नि समुद्रावर एका वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडे कामाला लागली. ठेंगणी, काळीसावळी, बोलायला चटपटीत. तिने कोणाची तरी मोडकी जेट स्की घेतली होती. बसून चालवायची नव्हे, उभं राहून चालवायची.

तुला समजावं म्हणून सांगते, मलाही तिनेच माझ्या ओट्यावर लाटणं ठेवून समजावलं. त्या यंत्राला बसायला जागाच नसते. मागे पाय ठेवायला खोलगट फळी, पुढे टोकाला, नाकापाशी, बिजागरी, आणि त्या बिजागरीतून एक लांब दांडा मागे येतो. दांड्याच्या टोकाला हँडल. दांडा वरखाली होतो, तोच त्याचा जीव. माणूस पाण्यात पडला की तो दांडा खाली पाडून मागून पोटावर चढायचं, मग गुडघ्यावर, आणि यंत्र पळायला लागलं की दांड्यासकट उभं राहायचं. तिच्या यंत्राचा दांडाच तडकलेला. बाहेरून मागवायचा तर तिच्या आवाक्यात नव्हता, आणि मागवला तरी तो उंच माणसाच्या मापाचा येणार. तिला तिच्या उंचीचा हवा होता.

आणि घाई होती. पावसाळ्यासाठी समुद्र बंद व्हायच्या आधी किनाऱ्यावर एक शर्यत होती. तिच्या साहेबाने सांगितलं होतं, स्वतःच्या यंत्रावर शर्यतीत उतरलीस तर पुढच्या सीझनला तुला पाण्यावर शिकवायला ठेवतो, नाहीतर तिकिटाच्या खिडकीत बस. खिडकीचं नाव काढताना त्या पोरीचं तोंड असं व्हायचं की जणू कोणी तिला पिंपात घालून झाकण लावतंय.

ॲल्युमिनियमचं वेल्डिंग मुरबाडात धड कोणाला येत असेल तर याला. म्हणून ती आली. यंत्र छोट्या टेम्पोतून आणलं होतं. त्याने चष्मा कपाळावर चढवून यंत्राभोवती एक फेरी मारली, आणि हसला.

"ही तर फळी हाय."

फळी म्हणजे काय हे तू विसरली असशील. लावणीच्या आधी खाचरातला चिखल सपाट करायला बैलांच्या मागे फळी जुंपतात. माणूस तिच्यावर उभा राहतो, मागे रेलतो, बैलांच्या दोऱ्या ताणून धरतो. हा तरुणपणी बापाच्या शेतात फळीवर उभा राहायचा, आणि त्याच्यासारखा तोल तालुक्यात कोणाचा नव्हता, हे त्याने स्वतःच ठरवलं होतं.

"फक्त बैल दिसत नायत एवढंच," तो म्हणाला. "पोरी, तू मला शिकवू नको. पाण्यावर उभं राहायचं आमी तुझ्या बापाच्या आधीपासून करतो."

"काका, पण दांडा खाली यायला पायजे. मोकळा."

"मोकळा कशाला? बैलाची दोरी कधी सैल सोडतात का? सैल सोडली की माणूस तोंडावर पडला."

"पडल्यावर चढायचं कसं?"

"पडायचं कशाला?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मधली भिंत एकच विटेची होती.

काम मात्र त्याने जीव लावून केलं, ते नाकारत नाही. पाइप निवडायला कल्याणला गेला. बिजागरीचा बुश, म्हणजे आतली नळी, घासून घासून असा केला की बोट फिरवलं तर गुळगुळीत. केबल पाइपच्या पोटातून नेली, हँडलला रबर चढवलं, जोड असे की नख अडकायचं नाही. आणि मग बिजागरीच्या मागे, दांडा कमरेच्या खाली जाऊ नये म्हणून, दांड्यालाच जाडजूड स्टॉपर वेल्ड केला. फळीवरची दोरी कशी कायम ताणलेली, तसा दांडा कायम वर. आणि कंबर कोणाची? त्याचीच. पोरीच्या तर तो छातीला लागत होता. ती म्हणाली, काका उंच झालाय. त्याने दाराबाहेर येऊन माझ्याकडे बघितलं, मी पाटावर उभी होते, नि म्हणाला, "वयनींना विचार. सवय होते."

चाचणी त्या गेटवाल्या फार्महाऊसच्या शेततळ्यात झाली. तिथे काठाला सिमेंटची पायरी आहे. यंत्र पायरीला लावलं, पोर पायरीवरून थेट उभी राहूनच फळीवर गेली, दोन फेऱ्या मारल्या, पायरीवर उतरली. एकदाही पाण्यात पडली नाही, कारण तळं ते केवढं, लाट येणार कुठून? राखणदाराने टाळ्या वाजवल्या. याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा कपाळावर नेला, म्हणजे सत्कार झाला. पोरीला शंका होती, पण शर्यत तोंडावर आलेली, दुसरा कोणी हात लावायला तयार नव्हता. यंत्र टेम्पोत घालून ती गेली.

आठवडाभराने परत आली ती हनुवटीला पट्टी लावून.

खाडीत सराव करत होती. शेजारून मोठी बोट गेली, लाट आली, ही पाण्यात. यंत्र आपसूक बंद पडलं, तसं ते पडतंच. पोहत मागे आली, चढायला गेली, तर दांडा वर ताठ. हात पोचेना. मागून नुसतं यंत्राला मिठी मारून वर येता येत नाही, दांडा खाली हवा, म्हणजे त्याला धरून अंग ओढता येतं. एकदा निसटली, दोनदा निसटली. तिसऱ्यांदा कशीबशी छाती आत टाकली तेवढ्यात दुसरी लाट यंत्राच्या नाकाखाली आली, ते उचललं गेलं, आणि हँडल खालून हनुवटीवर. एका कोळ्याने होडीत ओढून घेतलं म्हणून वाचली. टाके पडले. ओहोटी लागली असती तर खाडीने तिला कुठे नेलं असतं, देव जाणे.

यंत्र बाहेर टेम्पोत होतं, दांडा तेवढा सोडवून तिने गोणपाटात गुंडाळून आणला होता. त्याच्या टेबलावर ठेवला.

"काका, स्टॉपर काढा आणि दांडा आखूड करा. चार दिवस हायेत."

त्याने पट्टी बघितली, मी दारातून पाहत होते. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तो बोलला. "मागे रेलली नसशील. फळीवर पुढे वाकलं का असंच होतं. आजकालच्या पोरींना चिखल माहीत नाय."

मी दोन्ही हात पिठाचे तसेच घेऊन त्याच्या वर्कशॉपमध्ये गेले.

"मालक, दांडा बरोबर हाय?"

"बरोबर हाय."

"मग उद्या तळ्यावर चला. पायरीवरून नाय. मधल्या पाण्यातनं चढून दाखवा. चढलात तर जन्मभर फुकट जेवा."

"आणि नाय चढलो तर?"

"तर जेवण बदलापूरला. आणि उद्यापर्यंत ताट बंद."

तो हसला. पण दुपारी ताट आलं नाही तेव्हा त्याला कळलं की मी मस्करी करत नव्हते. संध्याकाळी वडापाव खाताना दिसला, तोंड कडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडा यंत्राला परत लावून तळ्यावर गेलो. तो लुंगीत, कपाळावर चष्मा. पोहता येत होतं त्याला, मुरबाडकर माणूस नदीतच वाढतो. पोरीने स्वतःचं तरंगायचं जॅकेट त्याच्या अंगात घातलं, ते त्याच्या छातीवर बाळाच्या अंगड्यासारखं बसलं. तळ्याच्या मध्यापर्यंत तो ऐटीत पोहत गेला. मग चढायला लागला.

काय सांगू तुला. हात वर केला तर दांडा हाताला लागेना. त्याच्याच कमरेच्या मापाचा दांडा, पण पाण्यात कंबर कुठे असते? कंबर पाण्याखाली. यंत्राला मागून लटकला, लुंगी वर, पाय खाली हलतायत, यंत्र गोल फिरतंय आणि हा त्याच्याबरोबर गोल. राखणदार काठावर बसून बिडी ओढत होता, त्याने बिडी विझवली आणि म्हणाला, "मालक, जमीन चुकली का?"

कोणी हसलं नाही. मी हसले.

बराच वेळ लटकून झाल्यावर तो यंत्र तसंच सोडून काठाला आला. धापा टाकत पायरीवर बसला. चूक झाली म्हणाला असेल असं तुला वाटत असेल, तर तू त्याला ओळखलंच नाहीस. म्हणाला, "तळ्याचं पाणी हलकं हाय. समुद्राचं खारट असतं, ते माणसाला उचलतं."

"काका, मी खाऱ्याच पाण्यात पडले होते," पोर म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. नुसती त्याच्यासमोर उभी राहिली, पट्टी नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर. "मला तिकिटाच्या खिडकीत बसायचं नाय. तुमी करणार नसाल तर तसं सांगा, मी यंत्र विकते नि बसते."

तो उठला, यंत्र काठाला ओढून दांडा सोडवला, नि तो घेऊन ओल्या लुंगीतच गाडीवर बसून निघून गेला.

आम्ही मागून पोचलो तेव्हा ग्राइंडरचा आवाज येत होता. स्टॉपर कापून झाला होता. आमच्याकडे पाठ करून तो म्हणाला, "पोरी, कशी चढतेस ते दाखव." माझ्या खानावळीतली तांदळाची दोन पोती त्याने वर्कशॉपमध्ये ओढून आणली, न विचारता, आणि तिला त्यांच्यावर पालथी झोपवली. हात पुढे किती जातात, गुडघ्यावर आल्यावर किती, उभी राहिल्यावर कोपर कुठे येतं. आणि पट्ट्याची टेप काढली. ती इतकी वर्षं बंद होती की सुरुवातीला बाहेरच येईना, तेल घालावं लागलं. मी दारात उभी होते. एकदा त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, तर मी दुसरीकडे बघितलं. त्याच्यावर दया म्हणून नव्हे हं, हसू येत होतं म्हणून.

दांडा आखूड झाला, मोकळा झाला, खाली पडला की फळीला टेकायचा. हँडलच्या अलीकडे हनुवटीला लागू नये म्हणून त्याने स्पंजाची गादी बसवली. ती कल्पना पोरीची, पण गाळ्यात आलेल्या प्रत्येकाला त्याने आपली म्हणून दाखवली. मी त्या दुपारी ताट पाठवलं. पुसूनच परत आलं.

शर्यतीला तो गेला नाही. मी गेले, टेम्पोत बसून, हाडं खिळखिळी करून. पहिल्याच वळणावर पोर पडली. बाकीची यंत्रं तिच्या अंगावरून पाणी उडवत पुढे गेली. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तोवर तिने दांडा खाली ओढला, पोटावर चढली, गुडघ्यावर आली, आणि उभी. नंतर अजून एकदा पडली, अजून एकदा चढली. नंबर आला नाही. जवळजवळ सगळ्यांच्या मागून आली. पण तिचा साहेब किनाऱ्यावर होता, तो म्हणाला, पळवणारे मला पुष्कळ मिळतात, भर पाण्यात इतक्या लवकर परत चढणारं माणूस मला शिकवायला हवंय. काम मिळालं.

मी येऊन त्याला सांगितलं. त्याने शांतपणे कांदा फोडला. "दोनदा पडली म्हणजे दांडा तिला अजून समजला नाय." आणि मग वर्षभर तो सगळ्यांना सांगत राहिला की पहिला स्टॉपर त्याने मुद्दाम लावला होता, पोर पडून शिकावी म्हणून. हनुवटीवरच्या टाक्यांचं विचारलं की म्हणायचा, "शिक्षणाला लागतंच काहीतरी."

आता तो बदलापूरला मुलाकडे आहे. लिफ्टची बटणं चुकीच्या उंचीवर आहेत, असं सोसायटीच्या बैठकीत उभं राहून सांगतो म्हणे. त्याची बायको मला फोन करते तेव्हा फार वेळ बोलते. मला विचारशील तर त्या माणसाने जन्मात एकदाच दुसऱ्याच्या मापाने काहीतरी बनवलं, आणि तेही उपाशी ठेवल्यावर. हे त्याला कळवायला जाऊ नकोस. तो म्हणेल, पोर त्याच्या मापाची होती.

पोर मात्र ये-जा करते. समुद्र बंद असतो तेव्हा घरी शहापूरला असते, मग वाट वाकडी करून माझ्याकडे जेवायला येते. ती नव्या लोकांना पहिल्या दिवशी उभं राहायला शिकवतच नाही. खोल पाण्यात नेते, ढकलून देते, आणि म्हणते, चढा. जो चढतो त्यालाच दुसऱ्या दिवशी उभं राहायला देते. काही जण रागावून निघून जातात. जाऊ देत, म्हणते.

तुझ्या लेकाला तिला भेटायचं असेल तर या पावसाळ्यात घेऊन ये. सुकट निवडून ठेवलीय, नाचणी दळून आणलीय. आणि फोन करून दिवस ठरवत बसू नकोस, ठरवता ठरवता तुझं येणं राहून जातं. उठायचं, एसटीत बसायचं, नि यायचं. लवकर ये गो.